नानांचं हृदय आणि आमचे दाजी

आमच्या दाजींइतका दुसऱ्यांच्या हृदयात रमणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत होऊन गेला नसेल. 'होऊन गेला' म्हटल्यावर कुणी गैरसमज करून घेऊ नये. दाजी ठणठणीत आहेत, सकाळी विद्यानगरात फिरायला जातात आणि परतताना इडलीबरोबर चटणी पुन्हा पुन्हा मागून घेतात. गेला तो त्यांच्यातला एक माणूस, आणि मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या खाजगी दवाखान्याच्या इमर्जन्सीत ते डॉक्टर आहेत. स्ट्रेचरवरून येणाऱ्या माणसाला नेमकं काय झालंय हे सगळ्यांच्या आधी ओळखायचं, हे त्यांचं काम. बाकीचे डॉक्टर नाडी बघतात, बीपी बघतात, नातेवाइकांना चार प्रश्न विचारतात. दाजी हे सगळं करायचेच, पण त्यांचा खरा जीव होता तो सोनोग्राफीच्या एका छोट्या यंत्रात. दाढीच्या मशीनएवढा तो प्रोब, त्याची वायर मोबाइलला जोडायची आणि छातीवर टेकवायचा, की मोबाइलच्या पडद्यावर माणसाचं हृदय उघडझाप करताना दिसतं. इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, दाजींच्या खिशात तो प्रोब असायचा. लग्नात, मुंजीत, बारशात, एकदा तर कुणाच्या मयतालासुद्धा तो खिशात होता. ताईने डोळे वटारले तेव्हा म्हणाले, "अगं, जिवंत माणसंही आली आहेत ना इथे!"

प्रोब लावायच्या आधी कातडीवर एक जेल लावावं लागतं. ते गार असतं आणि गार जेल लागलं की पेशंट दचकतो, हृदय उगाच जोरात पळायला लागतं, असा दाजींचा सिद्धांत. म्हणून जेलची छोटी बाटली ते पँटच्या खिशात ठेवून अंगाच्या उबेने कोमट करत. या बाटलीने आमच्या घरात बरेच घोटाळे केले आहेत. कोरोनाच्या दिवसांत पुण्याहून आलेल्या आत्याला ती टेबलावर दिसली आणि सॅनिटायझर समजून तिने ते जेल दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळलं. बराच वेळ हात हलवत बसली आणि मग म्हणाली, "हे तुमच्या हैदराबादचं सुकत का नाही हो?" दाजींनी तेवढ्यात संधी साधली. आत्याच्या हातांना जेल लागलेलंच आहे तर वाया का घालवा, म्हणून तिच्या मनगटावर प्रोब टेकवून तिला तिचीच नाडी पडद्यावर दाखवली. आत्याने ती नमस्कार करून बघितली.

माणसांचे चेहरे आणि नावं लक्षात ठेवायची सवय दाजींनी कधी लावून घेतली नाही. त्यांच्या ध्यानात राहायची हृदयं. एकदा आम्ही सगळे ताईसाठी साडी घ्यायला सुलतान बाजारात गेलो होतो. दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठून धावत आला, दाजींचे दोन्ही हात धरले, खुर्ची दिली, चहा मागवला. दाजी हसत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की हा गृहस्थ कोण याचा त्यांना पत्ता नाही. मालक म्हणाला, "डाक्टर साब, मेरेको नई पैचाने? पिछले रमजान में बेहोश लाये थे मेरेको." दाजी तसेच हसत राहिले. शेवटी मालक म्हणाला, "दिल के गिर्द पानी भर गया था बोले थे आप, सुई डाल के निकाले." तेव्हा मात्र दाजी खुर्चीवरून उठलेच. "अरे! वो झूलता हुआ दिल! तुम हो वो?" म्हणून त्यांनी त्याला भर दुकानात मिठी मारली. जुना मित्र भेटावा तसं त्या दोघांचं चाललं होतं. साडीवर सूट मिळाली, पण दाजींना साडीचा रंग शेवटपर्यंत सांगता आला नाही.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे ते हृदयाला दाद देत. गाण्याच्या बैठकीत जाणकार माणूस समेवर जशी मान डोलावतो तशी मान डोलवत ते पडद्याकडे बघायचे आणि "वाहवा", "क्या बात है", "बहोत खूब" असं मोठ्याने म्हणायचे. बाहेर नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं आणि आतून "वाहवा" ऐकू यायचं. पेशंट शुद्धीवर असेल तर मोबाइल त्याच्याकडे वळवून त्याचं हृदय त्याला दाखवल्याशिवाय दाजी हात काढत नसत. ज्याची वस्तू त्याला दाखवायची, असं त्यांचं म्हणणं. जुन्या शहरातल्या एका म्हातारबाईंचा किस्सा ते नेहमी सांगायचे. तिला अॅसिडिटी होती, हृदयाला काही झालं नव्हतं. दाजी म्हणाले, "अम्मा, आपका दिल बहुत खूबसूरत है." बाई लाजली, पदर सावरला आणि म्हणाली, "इत्ती उमर हो गई बेटा, आज तलक कोई नई बोला." हे सांगताना दाजींचे डोळे दर वेळी पाणावायचे आणि दर वेळी ते दोष चष्म्याला द्यायचे.

बघितल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा बाणा. कलिंगड घेताना ते बोटाने टकटक करून बघणाऱ्यांची कीव करायचे आणि कलिंगडाला प्रोब लावता येत नाही म्हणून हळहळायचे. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडची मंडळी आमच्या काचीगुड्याच्या घरी आली. आम्ही मुलाचं शिक्षण, नोकरी, स्वभाव यांची गोड शब्दांत उलटतपासणी चालवली होती. मी वकील असल्यामुळे ते काम माझ्याकडे होतं. दाजी चहा पीत होते. चहा झाल्यावर त्यांनी मुलाला "जरा आत येतोस का?" म्हणून नेलं आणि बाहेर आल्यावर भरल्या बैठकीत जाहीर केलं, "मुलाचं हृदय उत्तम आहे. पुढे जायला हरकत नाही." मुलाकडच्या लोकांना वाटलं ही हैदराबादकडची रीत असावी. मुलाची आई तर विचारायला लागली, "आता मुलीचं आम्ही बघायचं का?" ते लग्न झालं आणि छान चाललं आहे. याचं सगळं श्रेय दाजी स्वतःकडे घेत.

पण हे सगळं खेळणं होतं असं मात्र नव्हे. दाजींच्या कामात सगळ्यांत कठीण वेळ यायची ती माणूस शॉकमध्ये गेला की. शॉक म्हटलं की माझ्यासारख्याला विजेचं बटण आठवतं. दाजी मला आमच्याच बिल्डिंगचं उदाहरण द्यायचे. "वकीलसाहेब, तुमच्या नळाला पाणी येत नाही. का येत नाही? एक तर मोटर बिघडली. नाहीतर खालच्या टाकीत पाणीच नाही. नाहीतर मोटर चांगली आहे, पण कुणीतरी तिच्या अंगावर सामान रचून ठेवलंय, तिला फिरायला जागा नाही. नाहीतर पाइप तुंबला, किंवा फुटला. नळाकडे बघून सगळं सारखंच दिसतं, पाणी नाही एवढंच. मग नळाकडे कशाला बघत बसता? मोटरपाशी जा." माणसाचं तसंच होतं म्हणे. बीपी पडतं, हातपाय गार पडतात, शुद्ध हरपते. बाहेरून सगळे शॉक सारखे, आणि उपाय मात्र एकमेकांच्या उलट. हृदयच थकलं असेल तर सलाईनच्या बाटल्या ओतून माणूस बुडतो. अंगातलं रक्त-पाणी कमी झालं असेल तर त्याच बाटल्यांनी वाचतो. म्हणून आधी बघायचं, मग हात चालवायचा. एकदा आमच्या बिल्डिंगची मोटर खरोखरच बंद पडली तेव्हा दाजी योगायोगाने घरी होते. दुरुस्तीवाल्याला वरून ओरडून म्हणाले, "हात लावू नका, आधी मला बघू द्या!" आणि चपला न घालताच खाली धावले. फ्यूज उडाला होता. "हे मात्र माझ्या विषयात येत नाही," असं म्हणत गुपचूप वर आले.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे आमचे वडील, दाजींचे सासरे. सारी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली. अंगाने इतके सडपातळ की सदरा हँगरला अडकवल्यासारखा दिसायचा. पण याच सडपातळपणामुळे दाजी त्यांच्यावर लुब्ध होते. मधे चरबी नाही, बरगड्या मोकळ्या, प्रोब टेकवला की हृदय आरशात दिसावं तसं दिसायचं. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं म्हणून आईने चांदीचं ताट काढून ठेवलं होतं. दाजी म्हणाले, "ताटबीट नको. नानांनी मला रविवारची दुपार द्यावी." जावयाने सासऱ्याचं हृदय वाणात मागितल्याची ही पहिलीच वेळ असावी. नानांनी ते आनंदाने दिलं.

तेव्हापासून रविवारी दुपारी दाजी आपल्या शिकाऊ डॉक्टरांना घेऊन काचीगुड्याला येत. आई गेल्यावरही हा प्रघात मोडला नाही. मग पोहे माझी बायको करू लागली, एवढाच फरक. नाना सदरा काढून दिवाणावर डाव्या कुशीवर पडत, तोंडासमोर वर्तमानपत्र धरत, आणि ती मुलंमुली आळीपाळीने प्रोब लावून शिकत. एखादीचा हात जास्त दाबला गेला की नाना वर्तमानपत्रामागून म्हणत, "हळू गं पोरी. चालू आहे ते, बंद पाडू नकोस." दाजी मागे उभे राहून सांगत, "हे नॉर्मल. डोळ्यांत साठवून घ्या. याच्याहून वेगळं दिसलं की समजायचं कुठेतरी बिघडलंय." नानांना या गोष्टीचा विलक्षण अभिमान होता. स्टेशनसमोरच्या बाकावर त्यांची म्हाताऱ्यांची बैठक भरायची, तिथे ते सांगत, "गणित माझ्याकडून पुष्कळांना आलं नाही. पण माझ्या हृदयावर शिकलेली पोरं आज परदेशात आहेत." आणि मुलं निघाली की दाजी न चुकता शेवटचं एकदा स्वतः प्रोब लावत. शिकवण्यासाठी नव्हे, उगाच. "नाना, काय धावतंय!" म्हणत. सासरा-जावयाचं इतकं सख्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

फक्त एक अट होती. नानांच्या पोटाला भयंकर गुदगुल्या व्हायच्या. दाजींची शिकवण अशी की हृदयावर थांबायचं नाही. मोटर बघितली, आता टाकी बघा, आता पाइप बघा, खाली उतरा, पोटातली मोठी रक्तवाहिनी बघितल्याशिवाय हात उचलू नका. त्याप्रमाणे एक वरंगलकडची मुलगी पहिल्याच रविवारी प्रोब सरकवत नानांच्या पोटापर्यंत आली आणि नानांनी जी लाथ झाडली त्यात पोह्यांची बशी कपाटापर्यंत गेली. "अय्यो, सारी अंकल, सारी!" म्हणत ती बिचारी शेंगदाणे गोळा करत बसली. नाना हसून हसून बेजार झाले आणि त्यांनी कायदा केला, की बरगडीच्या खाली येणाऱ्याला या घरात पोहे मिळणार नाहीत. मग पोटाचा धडा माझ्यावर व्हायला लागला. माझ्या पोटाबद्दल दाजी मुलांना सांगत, "इथे हवामान ढगाळ आहे, पण प्रयत्न करा." असं वर्षानुवर्षं चाललं. नानांची छाती आणि माझं पोट. वर्तमानपत्रामागे नाना पेंगायला लागायचे आणि प्रोब बरगडीपाशी आला की आपोआप उचलला जायचा.

मधे एका वर्षी मे महिना फार कडक होता. नाना सुलतान बाजारातून भर उन्हात चालत घरी आले. ऑटोने का आला नाहीत म्हणून मी रागावलो तर म्हणाले, "पायांना विचारलं, ते हो म्हणाले." मग कंबर दुखतेय म्हणून जिन्याच्या पायरीवर बसले आणि बसल्या जागी कलले. अंगाला घाम, हात गार, हाक मारली तरी ओ नाही. मी आणि खालचा दुकानदार, आम्ही त्यांना ऑटोत घातलं आणि दाजींच्या दवाखान्यात नेलं. दारात दाजी दिसले आणि मला वाटलं, सुटलो.

मी पलंगाभोवतीच्या पडद्याच्या आतच उभा होतो, त्यामुळे जे झालं ते मी पाहिलं आहे. दाजींनी नानांचा सदरा वर केला, खिशातली बाटली काढली आणि प्रोब टेकवला. पडद्यावर नानांचं हृदय दिसलं. दर रविवारी पाहिलेलं होतं, मलाही ओळखू आलं. पण लहान झालेलं आणि घाईघाईने मुठी आवळल्यासारखं. दाजी म्हणाले, "मोटर फर्स्ट क्लास आहे. टाकी रिकामी आहे." उन्हातून चालत आलेला म्हातारा माणूस, अंगातलं पाणी आटलेलं, यात न पटण्यासारखं काय होतं? सलाईन जोरात सुरू झालं. थोड्या वेळाने बीपी वर आलं, नानांनी डोळे उघडले आणि माझा जीव भांड्यात पडला. दाजींनी मोबाइल त्यांच्याकडे वळवला. "बघा नाना, या वयात काय धावतंय! वाहवा!" नानांनी बघितलं. "कंबर दुखते हो," म्हणाले. "इतकं चालल्यावर दुखणारच," दाजी म्हणाले आणि प्रोब पुसून खिशात ठेवला. मग सासरे-जावई बराच वेळ बोलत बसले. नाना हसलेसुद्धा.

संध्याकाळ व्हायच्या आत बीपी पुन्हा कोसळलं, आणि आता सलाईनला दाद देईना. दाजी दुसऱ्या पेशंटकडे होते. पाळीवर होती ती वरंगलची मुलगी, लाथ खाल्लेली, आता तिथेच डॉक्टर. तिने शिकवल्याप्रमाणे मोटर बघितली, टाकी बघितली आणि हात खाली नेला. या वेळी नानांनी लाथ झाडली नाही. पोटातली ती मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली होती आणि रक्त आतल्या आत पाठीकडे गळत होतं. दाजी धावत आले, पडद्याकडे एकदा बघितलं आणि तिच्या हातातला प्रोब न घेताच सर्जनला फोन लावला. नानांना ऑपरेशनला नेलं. तिथून ते आले नाहीत.

सर्जन म्हणाले की या वयात वेळेवर कळलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. आम्ही ते धरून बसलो. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. ऊन बाधल्याचं निमित्त झालं, असंच आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होतो. तेराव्याच्या दिवशी पानं उठल्यावर दाजी उभे राहिले. "नानांना ऊन बाधलं नव्हतं," ते म्हणाले. "ते आले तेव्हाच ती वाहिनी गळत होती. टाकी रिकामी आहे हे मला दिसलं. ती कुठून गळतेय हे मी बघितलं नाही. अनोळखी माणूस असता तर बघितलं असतं, रोज बघतो. नानांवर हात बरगडीपाशी आला आणि थांबला, नेहमी थांबायचा तिथे." आत्या म्हणाली, "अहो, वय झालं होतं त्यांचं." दाजी म्हणाले, "मला वयाचं विचारू नका आत्या, माझी चूक विचारा." ताई भांडी उचलत होती. ती खाली बसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवडाभर मला दाजींचा आवाजही नकोसा झाला होता. पण त्यानंतर ते स्वतःच घरी आले, माझ्या ऑफिसच्या खोलीत अशिलाच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्याविरुद्ध तक्रार लिही. घरच्यांनी केली तर तिला वजन येईल." मी म्हटलं, "दाजी, वेडे आहात का?" ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाचे वडील असते तर लिहिली असतीस." माझा राग तिथेच गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही. त्यांना आमच्याकडून शिक्षा हवी होती आणि आमच्यापैकी कुणाच्यानेही ती देववली नाही. माफ केलं म्हटलं तर मान फिरवत. शेवटी ती शिक्षा त्यांनी स्वतःच घेतली.

प्रोब आता दवाखान्याच्या कपाटात असतो. खिशात पेन असतं. रविवारचा वर्ग दवाखान्यातच भरतो. लग्नात एखादी मावशी हौसेने पुढे येते, "माझं बघा ना हो डॉक्टर," तेव्हा दाजी तिला नम्रपणे ओपीडीची वेळ सांगतात आणि मावशी खट्टू होऊन परत जाते. ती वरंगलची मुलगी आता तिथे सीनियर झाली आहे. तिने मला एकदा सांगितलं, "अंकल, सर आता पेशंटला खालून बघायला लागतात. आधी पोट, मग टाकी, सगळ्यांत शेवटी हार्ट. पुस्तकात उलटं आहे. पण सगळे ज्युनियर्स तसंच करायला लागले, त्यांना वाटतं ही सरांची काही नवी पद्धत आहे." तिला कारण माहीत होतं. मुलांना तिने सांगितलं नव्हतं. या पद्धतीने काही माणसं वाचलीही म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटलं. दाजींना वाटतं की नाही ते कळायला मार्ग नाही.

परवा ताईने माझ्याबरोबर त्यांचा डबा पाठवला. मी गेलो तेव्हा दाजी एका पडद्याआड होते. कुणीतरी दाढीवाले म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन पडले म्हणून त्यांच्या मुलीने आणलं होतं. मी फटीतून बघत उभा राहिलो. दाजींनी पोटापासून सुरुवात केली, फार सावकाश, इंच इंच. म्हाताऱ्यांना बहुतेक गुदगुल्या झाल्या, ते हसले. दाजी हसले नाहीत, थांबलेही नाहीत. मग वर, मग आणखी वर. शेवटी पडद्यावर हृदय आलं आणि बाजूची दोन्ही शिकाऊ मुलं एकदम म्हणाली, "सर, ब्यूटिफुल!" मलाही दिसलं. स्वच्छ, नेटकं, ताल धरल्यासारखं. पण तोवर दाजींनी प्रोब उचलला होता आणि ते कागदाने जेल पुसत होते. म्हाताऱ्यांनी विचारलं, "कैसा है डाक्टर साब, दिल?" दाजी म्हणाले, "काम कर रहा है. पानी कम पिये आप. शाम तक घर जाते."

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "हृदय नीट बघितलंत तरी का?"

"बघितलं," ते म्हणाले. "फार सुंदर होतं रे."

"मग त्यांना सांगायचं ना! पूर्वी सांगायचात."

दाजी चालता चालता थांबले. "सुंदर म्हटलं की मन तिथेच रेंगाळतं," ते म्हणाले. "आता रेंगाळायचं नाही मला." आणि माझ्या हातातला डबा घेऊन कँटीनच्या दिशेने निघाले.

नाना गेले याचं दुःख मला आहे आणि ते राहणार. पण तेव्हा दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात उभा असताना मला जे लागलं ते वेगळं होतं. माणसं भेदरलेली असताना आतून "वाहवा" म्हणणारा तो वेडा माणूस मला परत हवा होता. मी उगाच खिसे चाचपले, "आलोच, आत काहीतरी राहिलं," म्हणालो आणि मागे फिरलो. म्हातारे गृहस्थ उठून बसले होते, मुलगी त्यांना पाणी देत होती. मी त्यांच्याजवळ वाकलो.

"चाचा," मी म्हटलं, "आपका दिल बहुत खूबसूरत है."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. "सच्ची? कौन बोले?"

"डाक्टर साब बोले. अभी बाहर मेरेको बोले."

म्हाताऱ्यांनी कुर्त्याच्या गुंड्या लावल्या, छातीवरून हात फिरवला आणि मुलीला म्हणाले, "सुनी क्या?" आणि असे काही हसले की ती पोरगीही हसायला लागली.

दाजी व्हरांड्याच्या टोकाला डबा धरून उभे होते. "काय राहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"चष्मा," मी म्हणालो. चष्मा माझ्या नाकावरच होता. दाजींनी तो बघितला, आणि आम्ही दोघे जेवायला गेलो.